श्रद्धेचा कस

दर जून महिन्यात आम्हां मास्तरांच्या हातात एक जाडजूड पुस्तक येते. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव असे रकाने त्यात ओळीने आखलेले असतात आणि मध्येच कुठेतरी धर्म व जात असे दोन अरुंद रकाने असतात. जगातले सगळे ऋषी, संत, प्रेषित आणि पैगंबर त्या बोटभर जागेत बसवावे लागतात. बाप सांगतो, मास्तर लिहितो, शाई वाळते आणि मुलाचा धर्म ठरतो. मुलाला त्याचे मत कोणी विचारत नाही. 'खरोखरच का हो?' असे बापालाही कोणी विचारत नाही. जन्मतारखेला दाखला लागतो, जातीला दाखला लागतो. श्रद्धेचा दाखला मात्र कुठल्याच कचेरीत मागत नाहीत आणि मिळतही नाही.

माझ्या नावासमोर असाच एका जून महिन्यात 'ख्रिस्ती' हा शब्द पडला. त्याच्याही आधी, मी चार महिन्यांचा असताना, पाळकसाहेबांनी माझ्या कपाळावर बाप्तिस्म्याचे पाणी घातले होते. त्या वेळी मी सारे देऊळ डोक्यावर घेतले, असे आई सांगत असे. ते रडणे भक्तीचे नसून थंड पाण्याचे होते, याविषयी तिलाही शंका नव्हती. मी न मागितलेला आणि न कमावलेला हा धर्म वडिलोपार्जित जमिनीच्या तुकड्यासारखा माझ्याकडे चालत आला. जमिनीचा सातबारा निदान काढून पाहता येतो. श्रद्धेचा सातबारा कोणत्या तलाठ्याच्या दप्तरात असतो?

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. पण आमच्या नगर जिल्ह्यात, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, ख्रिस्ती माणसाच्या घरीही दिवाळी येते. ती शेजारच्या चार घरांतून रुमालाखाली झाकलेल्या ताटांच्या रूपाने येते. ताट रिकामे परत करू नये, ही रीत आम्हीही पाळतो. म्हणून डिसेंबरात तीच ताटे करंज्या आणि केक घेऊन परत जातात. तेव्हा शेजारच्या घरातले हे बोलणे वाचकांना परके वाटू नये. शिवाय प्रश्न काही एकट्या ख्रिस्ती माणसाचा नाही. वारीला जाणाऱ्याला, रोजा धरणाऱ्याला, बुद्धवंदना म्हणणाऱ्यालाही तो कधीतरी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पडतच असेल. मी फक्त माझ्या घराच्या उंबरठ्यावर बसून त्याचा विचार करणार आहे.

हा विचार माझ्या डोक्यात घातला तो माझ्या धाकट्या मुलीने. गेल्या उन्हाळ्यात ती पंधरा वर्षांची झाली आणि दृढीकरणाच्या वर्गात तिचे नाव घातले गेले. लहानपणी ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांनी जाणते झाल्यावर बिशपसाहेबांपुढे आणि मंडळीपुढे उभे राहून, आईबापांनी आमच्या वतीने जे कबूल केले ते आम्हांलाही मान्य आहे, असे स्वतःच्या तोंडाने सांगायचे, असा हा विधी आहे. मग बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवतात. मुलींना नवे पांढरे कपडे शिवतात, मामा-मावश्या जमतात, दुपारी मटणाचे जेवण होते. एकूण मुंजीइतकाच गाजावाजा. वर्ग आठ आठवड्यांचा होता. पाचव्या आठवड्यात एके रात्री भांडी विसळता विसळता ती म्हणाली,

"बाबा, 'तुझा विश्वास आहे का?' असं विचारलं की सगळ्यांनी एकदम 'आहे' म्हणायचं, असं वर्गात सांगितलंय. पण माझा आहे की नाही, हे मला कसं कळणार?"

"तू रोज प्रार्थना करतेस ना?" मी म्हणालो.

"करते. पण ती सवय असेल. दातसुद्धा मी रोजच घासते." तिने एक पातेले उपडे घातले आणि पुन्हा विचारले, "तुमचा आहे, हे तुम्हांला कसं कळलं?"

मास्तराला उत्तर येत नसले म्हणजे तो 'उद्या सांगतो' असे म्हणतो. मीही तेच म्हणालो. तो उद्या उजाडायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांचा हा हिशेब आहे.

आमच्या घराण्यावर ही शंका पहिल्यांदा बाहेरच्यांनी घेतली, आणि ती घेतल्याला आता सव्वाशे वर्षे होत आली. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले ते १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात. त्या वर्षी आमच्या भागात पाणी नव्हते, चारा नव्हता, आणि गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना तर कोणाच्या दारात उभे राहण्याचीही सोय नव्हती. दहा-अकरा वर्षांचा हा पोर आईबाप गेल्यावर चालत चालत मिशनच्या अनाथाश्रमात पोहोचला. तिथे त्याला भाकरी मिळाली, मग पाटी-पेन्सिल मिळाली, मग सुतारकाम मिळाले आणि शेवटी बाप्तिस्मा मिळाला. क्रम हाच होता. गावात त्याला जन्मभर 'भाकरीसाठी बाटलेला' म्हणत. आमचे पणजोबा यावर चिडत नसत. "खरंच आहे, मी भाकरीसाठीच गेलो. मेलेलं पोर कुठल्या देवाला जाणार होतं?" असे ते म्हणत, असे माझे आजोबा सांगत.

माणसे श्रद्धेचा खरेखोटेपणा कसा ठरवतात, हे यावरून कळते. ज्याने काही गमावले त्याची श्रद्धा खरी, ज्याला काही मिळाले त्याची खोटी, असे हे साधे गणित आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांनी घर, जात, नातीगोती सारे गमावले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शत्रूलाही शंका घेता आली नाही. माझ्या पणजोबांजवळ गमावण्यासारखे काय होते? एक फाटके धोतर आणि एक नाव, आणि तेही लोक धड उच्चारत नसत. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याने आपली श्रद्धा सिद्ध तरी कशी करावी?

आणि देवाकडे पोटासाठी जाणे जर खोटेपणाचे लक्षण असेल, तर या जगात खरा भक्त किती निघेल? परीक्षेच्या आधी माझे विद्यार्थी मारुतीला नारळ बोलतात, मुलीचे लग्न जमावे म्हणून बाया कुलदेवीची ओटी भरतात, पाऊस पडावा म्हणून आम्ही ख्रिस्ती लोक देवळात खास उपासना घेतो. नवस बोलणाऱ्याला कोणी ढोंगी म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात अशी गोष्ट आहे की, भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव दुसऱ्या दिवशी येशूला शोधत आला, तेव्हा येशूने त्यांना तोंडावर सांगितले की, तुम्ही भाकरीसाठी आला आहात. मला त्या गोष्टीत अलीकडे एक गोष्ट दिसू लागली आहे. त्याने हे सांगितले ते आदल्या दिवशी त्यांना पोटभर जेवू घातल्यावर. आधी परीक्षा आणि मग भाकरी, असा त्याचा नियम नव्हता.

पणजोबांची परीक्षा पुढे झालीच, पण तिला वेळ लागला. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. मुंबई इलाख्यात तिने लाखो माणसे नेली. गावात घरोघर माणसे तापाने पडली होती आणि पाणी द्यायला कोणी उरले नव्हते. जी घरे त्यांच्या सावलीपासून दूर सरकत, त्यांच्या दाराशी पणजोबांनी त्या दिवसांत पाण्याच्या घागरी नेऊन ठेवल्या आणि त्यांच्यापैकी काहींच्या तिरड्याही आपल्या हाताने बांधल्या. तोपर्यंत मिशनची नोकरी सुटली होती, भाकरीचा संबंध संपला होता. त्यांचे देवळात जाणे मात्र संपले नव्हते. आमच्या घरात ही हकीकत मोठेपणासाठी सांगत नाहीत. पणजोबांनी उरलेला जन्म सुतारकामात काढला आणि शुभवर्तमानातला एक अध्यायही त्यांना धड पाठ नव्हता.

भाकरीच्या या हिशेबाला पुढे एक विचित्र वळण लागले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. म्हणजे ज्यांच्या आजोबा-पणजोबांवर भाकरीसाठी बाटल्याचा आरोप झाला, त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांना 'ख्रिस्ती' हा शब्द लिहिण्यासाठी आता भाकरीतला तुकडा सोडावा लागतो. जूनमध्ये रजिस्टर भरताना एखादा बाप त्या रकान्यापाशी अडखळतो. रविवारी देवळात माझ्या पुढच्या बाकावर बसून तो उपासना संगीतातली गीते खड्या आवाजात म्हणत असतो, आणि रजिस्टरापुढे मात्र हलक्या आवाजात 'हिंदू लिहा, गुरुजी' म्हणतो. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला होता. बाप्तिस्मा घेतलेल्या एका बाईने अनुसूचित जातीचा दाखला मागितला. ती नियमाने चर्चमध्ये जाते, असे पुराव्यावरून दिसल्यावर न्यायालयाने तिची मागणी फेटाळली आणि श्रद्धा नसताना केवळ लाभासाठी धर्म सांगणे योग्य नाही, असे बजावले. न्यायालयाने कायद्याने पाहायचे ते पाहिले. पण माझ्या पुढच्या बाकावरच्या त्या बापाच्या मनात काय आहे, हे मला कोणते कलम लावून पाहता येईल? त्याच्या मुलाची फी मी भरत नाही. त्याचा न्याय करण्याचा मला अधिकार नाही. मला अधिकार आहे तो फक्त स्वतःच्या चौकशीचा.

ती चौकशी मी माझ्या धंद्याला शोभेल अशी सुरू केली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; ईश्वरविद्येच्या पाठशाळेची पायरी मी कधी चढलेलो नाही. पण परीक्षा कशी घ्यावी, एवढे मास्तरकीने मला शिकवले आहे. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलानेही, तुम्ही विश्वासात आहात की नाही याची स्वतःच परीक्षा करा, असे सांगितले आहे. म्हणजे परीक्षा घेण्याला आधार आहे. प्रश्न एवढाच की, परीक्षा कोणत्या विषयाची घ्यायची?

पहिली तोंडी परीक्षा. मतांगीकार मला सहाव्या वर्षापासून पाठ आहे. झोपेतून उठवून विचारला तरी मी तो अडखळल्याशिवाय म्हणेन. पण याकोबाने आपल्या पत्रात या परीक्षेची हवाच काढून घेतली आहे: देव एक आहे असे भुतेही मानतात, आणि मानून थरथर कापतात. म्हणजे पाठांतरात सैतान माझ्यापेक्षा दोन गुण जास्तच मिळवील. त्यातून मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या एका कादंबरीत एक म्हातारा पाळक मुलाच्या प्रेताशेजारी बसून प्रार्थना करतो. ती वाचून आपल्याला रडू आले, असे एका बाईंनी पत्र पाठवून कळवले होते. ती प्रार्थना मी चहा पीत पीत लिहिली होती, आणि दोन वेळा खोडून तिसऱ्यांदा ती साधली होती. ज्याला दुसऱ्याच्या तोंडी खरी वाटणारी प्रार्थना घालता येते, त्याने आपल्या तोंडच्या प्रार्थनेवर किती विसंबावे?

दुसरी परीक्षा अनुभवाची. मनात काही हालले का? आत दिवा लागला का? या बाबतीत मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काही भोळ्या बाई नव्हत्या. भागवत ज्यांच्या जिभेवर होते, कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना 'सरस्वती' म्हटले, अशा बाईंचे ते पाऊल होते. ज्या मठात त्या राहिल्या, तिथल्या वडीलधाऱ्या भगिनींशीही त्या पत्रांतून कडकडून वाद घालत. पुरोहितांचे एक जोखड फेकले ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. हिंदू पुढारी म्हणत, बाई मुलींना बाटवणार. कित्येक मिशनरी म्हणत, बाई पुरत्या ख्रिस्ती नाहीतच. आणि याच सुमारास, बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली असताना, रमाबाईंनीच स्वतःला विचारले आणि स्वतःलाच उत्तर दिले की, मला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. पुढे १९०७ मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले. या शोधात असताना त्यांच्या हाती हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मकथन आले होते. हा पाळक १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या आपल्याच चर्चमध्ये प्रवचन करत असताना, आपल्याच शब्दांनी जागा झाला होता. लोकांना सांगता सांगता त्याच्या लक्षात आले की, जे आपण सांगत आहोत ते आपल्याजवळच नाही.

असे अनुभव वाचले की माझ्यासारख्याचा धीर सुटतो. मला अशी तारीख सांगता येत नाही. माझ्या आयुष्यात अमुक वाजता अमुक झाले, असे दैनंदिनीत लिहिण्याजोगे काही घडले नाही. मग मी जॉन वेस्लीकडे वळलो, कारण तारखेच्या बाबतीत त्याच्याइतका चोख दुसरा कोणी नाही. वेस्ली अमेरिकेत धर्मप्रसाराला गेला. जाताना समुद्रात वादळ झाले, तेव्हा सोबतचे मोरेव्हियन पंथाचे लोक, बायकामुलांसकट, शांतपणे स्तोत्र गात बसले होते आणि हा धर्मोपदेशक मात्र मरणाला भ्यायला होता. १७३८ मध्ये परत आल्यावर त्याने लिहिले की, दुसऱ्यांचे मन पालटायला गेलेल्या माझेच मन कधी पालटले नव्हते. त्याच वर्षी २४ मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत त्याच्या हृदयाला ती प्रसिद्ध ऊब लागली. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण पुढे उतारवयात वेस्लीने आपली दैनंदिनी पुन्हा छापताना, आपले मन पालटलेच नव्हते या जुन्या वाक्याखाली, याची आता मला तितकी खात्री वाटत नाही, अशा अर्थाची टीप घातली. मला त्या टिपेने फार आधार दिला. ज्या दिवसांना तो तारुण्यात अंधार म्हणत होता, त्यांतही थोडा उजेड असावा, असे म्हाताऱ्या वेस्लीला वाटू लागले होते.

आणि उलट उदाहरण तर आपल्याच देशातले. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. त्यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा जगाला कळले की, कलकत्त्याच्या रस्त्यावरून मरणारी माणसे उचलणाऱ्या या बाईच्या मनात जवळजवळ पन्नास वर्षे काळोख होता. प्रार्थनेला बसावे आणि पलीकडे कोणीच नसावे, अशी ती अवस्था. १९४६ मध्ये दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना हाक ऐकू आली होती. काम सुरू झाल्यावर ती हाक जणू थांबली. पण त्या रोज पहाटे उठत राहिल्या. अनुभवाचीच परीक्षा घेतली असती, तर मदर नापास झाल्या असत्या. चर्चने त्यांना २०१६ मध्ये संत म्हणून जाहीर केले.

तिसरी परीक्षा प्रात्यक्षिकाची. झाड फळावरून ओळखावे, हे तर गुरूचेच वचन आहे. ही परीक्षा मला सर्वांत न्याय्य वाटते आणि सर्वांत अवघडही. कारण फळे मोजायला बसले की माणूस लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या परूश्यासारखा होतो, जो मंदिरात उभा राहून देवाला आपल्या उपासांचा आणि दानाचा हिशेब ऐकवत होता. शिवाय फळे नेहमी आपल्याच कुंपणात असतात असे नाही. आमच्या शेजारच्या वहिनी रोज तुळशीला पाणी घालतात, एकादशी करतात. माझी आई शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा त्या दुपारी येऊन तिचे अंग पुसत. "काकू, आज कुशीवर वळा जरा," एवढेच त्या बोलत. फळ मोजायचे म्हटले तर त्या आमच्या अर्ध्या मंडळीच्या पुढे आहेत.

आणि आमच्या मंडळीचे फळ? त्याची परीक्षा लग्नाच्या वेळी होते. मुलगी दाखवायला नेली की चहा-पोहे होतात, उपासनेचे एखादे गीत होते, आणि मग कोणीतरी वडीलधारा आवाज खाली आणून विचारतो, "मूळचे कोण आपण?" दीडशे वर्षांपूर्वी जे मूळ खणून टाकले असे आम्ही म्हणतो, ते या एका प्रश्नात पुन्हा हिरवे होते. लक्ष्मीबाई टिळकांचा क्रम मला या वेळी आठवतो. त्यांनी 'स्मृतिचित्रे'त सारे मोकळेपणाने सांगितले आहे. नवऱ्याबरोबर राहायला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळे ठेवले होते. मग जातिभेद माणसानेच केला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी सोवळे सोडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. त्यांच्या बाबतीत फळ आधी आले आणि नाव मागाहून. आमच्या बाबतीत नाव चार पिढ्यांपूर्वी आले, आणि फळाची आम्ही अजून वाट पाहत आहोत.

अशा तीन परीक्षा मी घेतल्या. तोंडी परीक्षा घ्यावी, तर पाठांतर पुरत नाही. अनुभवाची घ्यावी, तर अनुभव येतो आणि जातो. प्रात्यक्षिकाची घ्यावी, तर गुण मोजणाराच बिघडतो. आमच्या गावात एक म्हातारे सोनार होते. कसोटीच्या दगडावर दागिना एकदाच हलके घासायचे आणि रेघ पाहायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने, "पुन्हा पाहा, आणखी एकदा पाहा," असा लकडा लावला, तेव्हा ते म्हणाले, "काका, अजून घासलं तर सोनं खरं निघेल, पण दागिना उरायचा नाही." श्रद्धेचेही असेच असावे. कस कधीच लावू नये, तर पितळही सोने म्हणून खपते. आणि रात्रंदिवस कसच लावत बसावे, तर जे थोडेफार आहे तेही झिजून जाते.

तीन आठवड्यांनी मी मुलीला जे सांगितले ते फार थोडे होते. मार्कच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप येतो. मुलगा फेफऱ्याने विस्तवात पडतो, पाण्यात पडतो. विश्वास असेल तर सारे शक्य आहे, असे येशू त्याला सांगतो. बाप रडत कबूल करतो की, माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात म्हणतो की, माझ्या अविश्वासाला तूच सांभाळून घे. तो दोन्ही एकदम बोलला. येशूने त्याला, आधी टक्के सांग, असे म्हटले नाही. मुलगा बरा करून बापाच्या हाती दिला. मी तिला म्हणालो, "मला विचारशील तर माझं उत्तर त्या बापाचं आहे. तीस वर्षांपूर्वी मी सगळ्यांबरोबर 'आहे' म्हणालो, आणि त्या शब्दाचा अर्थ अजून शिकतो आहे. कुठल्या दिवशी थोडा कळतो, कुठल्या दिवशी नाही. पण आई गेली त्या रात्री ज्याच्याशी मी भांडलो, तो नाहीच असं मला वाटलं असतं, तर मी भांडलो कोणाशी?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हांलाही पक्कं माहीत नाही."

"भाव आहे, पावती नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती पाळकसाहेबांकडे गेली आणि तिने सरळ सांगितले की, यंदा मला सगळ्यांबरोबर 'आहे' म्हणता येणार नाही. घरात थोडी कुरकुर झाली. कपडे शिवून झाले होते, मावशीने पुण्याहून गाडीचे तिकीट काढले होते. पाळकसाहेब मात्र रागावले नाहीत. "इतक्या वर्षांत हा प्रश्न घेऊन येणारी ही पहिलीच पोरगी," ते मला म्हणाले. "वर्गात बसू द्या तिला पुढच्या वर्षीही. माझाही अभ्यास होईल." रविवारी ज्या मुलांचे दृढीकरण झाले, त्यांच्यासाठी तिने वाद्यवृंदात पेटी वाजवली आणि जेवणाच्या पंगतीत वाढले. ती यंदा पुन्हा वर्गाला जाते आहे. या वेळी ती काय म्हणेल, हे मी विचारलेले नाही.

परवा ती शेजारच्या वहिनींकडे पणत्या भिजवायला गेली होती. कोऱ्या पणत्या पाण्यात घातल्या नाहीत तर त्या सारे तेल पिऊन टाकतात, हे तिला वहिनींनी शिकवले. ते पाहताना मला मत्तयाच्या शुभवर्तमानातला दहा कुमारींचा दृष्टांत आठवला. वराची वाट पाहणाऱ्या त्या दहा जणी. दहाही जणींच्या हाती दिवे होते, दहाही जणींचे दिवे पेटलेले होते, आणि वर यायला उशीर झाला तेव्हा दहाही जणी पेंगल्या. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना शहाण्या पाच जणी जाग्या राहिल्या होत्या, अशीच माझी समजूत होती. पण गोष्टीत तसे नाही. झोप सगळ्यांनाच लागली. फरक होता तो दिव्याखेरीज बरोबर घेतलेल्या कुपीतल्या तेलाचा, आणि तो मध्यरात्रीपर्यंत कोणाच्या डोळ्यांना दिसला नाही.

आपल्या कुपीत किती तेल आहे, हे मध्यरात्र होईपर्यंत मला कळणार नाही. तोवर रोज थोडेथोडे घालत राहणे एवढे हाती आहे: पहाटेची प्रार्थना, मग ती सवयीची का असेना, 'मूळचे कोण?' या प्रश्नाला आपल्या घरी मनाई. रजिस्टरापुढे अडखळणाऱ्या बापाकडे रोखून न पाहणे. आणि वहिनींचे ताट रिकामे परत न पाठवणे. यंदा त्या ताटात चकल्या जास्त आहेत आणि चिवडा थोडा तिखट झाला आहे. वाचकांच्या घरचाही असाच खमंग झाला असेल. त्यांची दिवाळी उजेडाची जावो.